बांबूचा ब्रश आणि जासईचा रस्ता

हल्ली आपल्या ग्रुपमध्ये 'ग्रीन' होण्याची लाट आलीय. डेस्कवर स्टीलची बाटली, खांद्यावर कापडी पिशवी, बाथरूममध्ये बांबूचा ब्रश. झकास! पण हा ब्रश आला कुठून? परदेशी मालाचं असेल, तर तो बोटीतून कंटेनरमध्ये बसून आलेला असतो. मुंबईच्या बाजूला येणारे बहुतेक कंटेनर उतरतात न्हावा-शेवाला. तिथून बाहेर पडणाऱ्या ट्रेलरच्या वाटेवर एक गाव लागतं, जासई. आपल्या सवयी तपासायच्याच असतील तर एक रविवार इथे घालवायला हरकत नाही.

जायचं कसं, ही पहिली परीक्षा. कारने अटल सेतूवरून भुर्रकन जाता येतं. १२ जानेवारी २०२४ला त्याचं उद्घाटन झालं. लांबी २१.८ किलोमीटर, शिवडीपासून थेट चिर्ल्यापर्यंत. चिर्ले म्हणजे जासईचा शेजारीच. त्याच दिवशी आणखी एका गोष्टीचं उद्घाटन झालं होतं, खारकोपरच्या पुढे उरणपर्यंतच्या लोकलचं. पुलाइतके सेल्फी काही तिच्या वाट्याला आले नाहीत. नेरूळ किंवा बेलापूरहून ही लोकल पकडा आणि शेमटीखारला उतरा. पुढे रिक्षा आहेच. गाड्या चर्चगेट-विरारसारख्या एकामागोमाग नसतात, म्हणून वेळापत्रक बघून निघालेलं बरं.

शक्यतो खिडकी पकडा. तिवरांचे हिरवे पट्टे, खाडीचा चिखल, मधूनच उभे राहिलेले टॉवर आणि स्टेशनांची नावं, सगळं बघण्यासारखं आहे. खारकोपर, शेमटीखार... या नावांत 'खार' आहे. समुद्राचं पाणी बांध घालून अडवायचं आणि आत भात पिकवायचा, ती जमीन म्हणजे खार. बांध फुटला की शेतात खारं पाणी शिरणार आणि पीक गेलं, त्यामुळे बांधाची डागडुजी गावाने मिळून करायची. तिवरं या बांधांवर येणारा लाटांचा मार झेलायची. हे शहाणपण शहराला जरा उशिरा सुचलं. २००५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर तिवरांची तोड थांबवण्याचा आदेश दिला आणि २०१८च्या निकालात तो कायम केला.

जासईत पोचलात की पहिली भेट होते ती ट्रेलरशी. कॅफे वगैरे शोधू नका, हे गाव त्यासाठी नाही. २०२४-२५ या एका वर्षात न्हावा-शेवा बंदराने वीस फुटी मापाने ७० लाखांहून जास्त कंटेनर हाताळले. काही रेल्वेने जातात, बाकीचे रस्त्याने. धूळ, हॉर्न, डिझेलचा वास. आपल्या 'एक क्लिक'चा आवाज कसा असतो, तो इथे ऐकायला मिळतो.

आणि ही जमीन आधी कुणाची होती? १९७०मध्ये सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी ठरल्या. शेतं गेली, मिठागरं गेली. मिळालेला मोबदला तुटपुंजा होता. याविरुद्ध उभे राहिले ते याच जासईत १९२६मध्ये जन्मलेले दि. बा. पाटील. आमदार, खासदार, पण लोकांसाठी नुसते 'दिबा'. १६ आणि १७ जानेवारी १९८४ला आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला, पाच जणांचा जीव गेला. त्यातून पुढे विकसित जमिनीचा १२.५ टक्के वाटा शेतकऱ्याला परत देण्याचं तत्त्व आलं. इथे कुणालाही विचारा, 'साडेबारा टक्के' एवढंच पुरतं. जासईतल्या स्मारकापाशी दोन मिनिटं थांबाच.

खरं सांगायचं तर या स्मारकासमोर आपला बांबूचा ब्रश फारच किरकोळ वाटतो. प्लॅस्टिकपेक्षा तो बराच, यात वाद नाही. पण 'इको-फ्रेंडली' लिहिलेली दहावी वस्तू मागवण्यापेक्षा ती न मागवणं जास्त ग्रीन, हे मात्र कुठलंही ॲप तुम्हाला सांगणार नाही. घरात चार कापडी पिशव्या असताना पाचवी कशाला? रोज एक पार्सल येण्याऐवजी आठवड्याची ऑर्डर एकदम दिली तर खोकी कमी, फेऱ्या कमी. मिक्सर बिघडला तर आधी दुरुस्तीवाला शोधा, कार्ट नंतर उघडा.

खाण्याचीही एक सवय इथून उचलण्यासारखी आहे. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते, कारण तो माशांच्या पैदाशीचा काळ. आगरी-कोळी घरांत पावसाळ्याची बेगमी आधीच झालेली असते, सुकट, बोंबील, जवळा. आपण मात्र भर जुलैत पापलेट मागतो आणि ते बर्फातून कुठून आलं ते विचारत नाही! सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी एकदा खाऊन बघा. वासाचं नखरं दोन घासांत उतरतं. खरेदीला जाताना घरून झाकणाचा डबा न्या, नाहीतर परतीच्या लोकलमध्ये अख्खा डबा तुमच्याकडे बघेल.

तारीख निवडायची मुभा असेल तर १६ जानेवारी निवडा. हुतात्म्यांना अभिवादन करायला आजूबाजूच्या गावांतून लोक त्या दिवशी जासईला येतात. १९८४ डोळ्यांनी पाहिलेली म्हातारी माणसं त्यात असतात. त्यांच्याशेजारी बसायला जागा मिळाली तर फोन खिशातच राहू द्या.