पाच बोटी, एक सायकल

मुंबई ते रत्नागिरी, किनाऱ्या-किनाऱ्यानं, सायकलवर आणि एकटीनं. नकाशातले किलोमीटर जरा बाजूला ठेवा. आधी बोटी मोजा!

दर वर्षी नोव्हेंबर उजाडला, की आमच्या ऑफिसच्या कॅण्टीनमध्ये एक प्लॅन शिजायला लागतो. 'सायकलवर कोकण!' सहा जण टाळ्या देतात, व्हॉट्सअॅप ग्रुप निघतो, त्याला झकास नाव पडतं. मग एकाचं अप्रेझल येतं, एकीच्या नणंदेचं लग्न ठरतं, तिसऱ्याचा गुडघा दुखायला लागतो... आणि ग्रुपवर उरतात फक्त गुड मॉर्निंगची फुलं. दोन वर्षं हे बघितल्यावर मी ठरवलं, आपण एकटीनं जायचं. बस्स!

गेले. आणि पहिल्याच खेपेला सपशेल आपटले.

पहिला प्लॅन, फुल टू फ्लॉप

चूक माझीच होती. शुक्रवारी रात्री लॅपटॉप उघडला, किनाऱ्यानं रत्नागिरी साधारण तीनशे किलोमीटर दिसली. भागिले तीन, म्हणजे दिवसाला शंभर. त्यात काय? रविवारी पहाटे मरीन ड्राइव्हला जाऊन-येऊन मी साठ किलोमीटर सहज मारायचे.

पण मरीन ड्राइव्ह सपाट आहे, बॉस! कोकण नाही. कोकणचा किनारा म्हणजे एक खाडी, मग डोंगर, मग पुन्हा खाडी. खाडीच्या काठापर्यंत घसरत उतरायचं आणि पलीकडे पुन्हा जांभ्या दगडाच्या सड्यावर चढायचं. चढ फार उंच नसतात, पण अंगावर येतात. आणि असे दिवसातून चार-पाच.

शनिवारी निघाले, त्यामुळे अलिबाग ते काशीद अख्खी मुंबई माझ्या मागे हॉर्न वाजवत होती. रात्री श्रीवर्धनला पोचले तेव्हा पाय माझे नव्हतेच. दुसऱ्या दिवशी दाभोळ गाठायचं होतं. निघायलाच साडेदहा झाले, बागमांडल्याची बोट डोळ्यांदेखत सुटली आणि केळशी ओलांडेपर्यंत सूर्य बुडायला आला. पुढच्या चढावर अंधार पडला. मागचं चाक पंक्चर. मोबाइलला नेटवर्क नाही. सड्यावर एक दिवा नाही, गाडी नाही, फक्त खालून समुद्राचा आवाज.

सायकल ढकलत एका वाडीपर्यंत आले आणि पहिल्या दिसलेल्या घराची कडी वाजवली. दार उघडलं एका आजींनी. "रात्रीची सड्यावर कशाला गो फिरत्येस?" एवढंच विचारलं, आणि पानावर भात वाढला.

मी तर मस्त झोपले. पण तिकडे घरी आईनं रात्री नऊला दाभोळच्या लॉजवर फोन केला होता. 'अशा कुणी आल्या नाहीत,' असं उत्तर मिळालं. माझा फोन लागला दुसऱ्या दिवशी सकाळी आठला. मधले अकरा तास आई-बाबांनी कसे काढले, ते मी आजतागायत विचारलेलं नाही. आजींच्या मुलानं टेम्पोतून मला आणि सायकलीला खेड स्टेशनला सोडलं. ट्रिप खतम.

मला वाटलं होतं, घरी आता जोरदार लेक्चर मिळणार. आई फक्त म्हणाली, "परत जा हवं तर. पण मला घरबसल्या कळेल असा प्लॅन कर."

खरं सांगते, सोलो ट्रिपच्या प्लॅनिंगबद्दल यापेक्षा शहाणं वाक्य मी कुठे ऐकलेलं नाही.

हा रस्ता शांत का?

दुसऱ्या वर्षी मी नकाशा नव्यानं बघितला. मुंबईहून कोकणात उतरणारी सगळी अवजड वाहतूक मुंबई-गोवा महामार्गानं जाते, म्हणजे आधीचा १७ नंबरचा, आता ६६ नंबरचा. ट्रक, टँकर, लक्झरी बस, सगळं तिकडे. किनाऱ्याचा रस्ता मात्र तुकड्यातुकड्यांचा आहे. अंतुले मुख्यमंत्री असताना, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, रेवस ते रेड्डी अशा सागरी मार्गाची कल्पना पुढे आली. पण मधल्या मोठ्या खाड्यांनी तो अडवून धरला. राजपुरीची खाडी, सावित्री, वाशिष्ठी आणि शास्त्री या चार ठिकाणी रस्ता सरळ पाण्यात संपतो. पलीकडे जायला फेरीबोट. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेशवी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड.

म्हणजे गंमत बघा. ज्या खाड्यांना गाडीवाले वैतागतात, त्याच खाड्या सायकलवाल्यांसाठी रस्ता मोकळा ठेवतात. घाईत असलेला माणूस इकडे फिरकतच नाही! या मार्गावरच्या नव्या पुलांची कामं आता हाती घेतली गेली आहेत. गावातल्या माणसाला हॉस्पिटल जवळ येईल, ते हवंच. पण हा निवांतपणा बघायचा असेल, तर फार वर्षं थांबू नका.

मुंबईहून मांडव्याची बोट धरली, की झाल्या पाच. मी किलोमीटर सोडले आणि ट्रिप या पाच बोटींवर बेतली. दोन बोटींच्या मधला रस्ता तो एक तुकडा. प्रत्येक धक्क्यावर पोचलं, की आईला फोन. धक्क्यावर चहाची टपरी असते आणि बहुतेकदा नेटवर्कही. आईनं कॅलेंडरच्या मागे पाच नावं लिहिली, पुढे मुक्कामाच्या घरांचे फोन नंबर. नियम एकच. संध्याकाळी सातपर्यंत माझा फोन नाही आला, तर तिनं मुक्कामाच्या घरी विचारायचं. मी तिथेही नसले, तर शोधायचा रस्ता फक्त शेवटची बोट ते मुक्काम एवढाच.

सोमवारी निघा!

सुट्टी पाच दिवसांची टाकली, सोमवार ते शुक्रवार. शनिवारी रत्नागिरी, रविवारी घरी लोळायला. वीकएण्डला अलिबागकडे जाणारी गर्दी रविवारी रात्री परतते. सोमवारी सकाळी तोच रस्ता वेगळाच वाटतो. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० पासून रो-रो बोट आहे, सायकल घेऊन आरामात बसता येतं. तासाभरात पलीकडे.

दिशाही ठरवून घेतली, उत्तरेकडून दक्षिणेकडे. हिवाळ्यात दुपारनंतर समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो. दक्षिणेला जाताना तो पाठीवर येतो. दुपारी तीनला, पाय बोलायला लागल्यावर, पाठीवरच्या वाऱ्याची किंमत कळते.

पहिला दिवस मुरुड-जंजिरा, सुमारे पासष्ट किलोमीटर. रेवदंड्याचा पूल ओलांडला, की उजवीकडे कोर्लईचा किल्ला. खालच्या गावात पोर्तुगीजांच्या काळापासून चालत आलेली एक बोली आजही काही घरांत बोलली जाते, चहाच्या दुकानात ती कानावर पडली. पुढे काशीद. शनिवारी जिथे पार्किंगवरून भांडणं होतात, तिथे सोमवारी दोन कुत्री आणि मी!

दुसऱ्या दिवशी आगरदांड्याची बोट, मग दिवेआगर. आणि तिथून श्रीवर्धनपर्यंत शेखाडी, कोंडिवली, आरावी असा जो रस्ता आहे ना... त्याच्यासाठी ऑफिसात कितीही खोटं बोलावं लागलं तरी चालेल. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला हात लांब केला तर लागेल असं पाणी. मागच्या वर्षी हा तुकडा मी घड्याळाकडे बघत पार केला होता. या खेपेला तीनदा थांबले. एकदा तर नुसतीच कठड्यावर बसून राहिले, अर्धा तास. कुणाला सांगायचं नव्हतं, कुणासाठी थांबायचं नव्हतं. मुक्काम हरिहरेश्वर.

तिसरा दिवस सगळ्यात छोटा ठेवला, जेमतेम पन्नास-पंचावन्न किलोमीटर. कारण मागच्या वर्षी याच तुकड्यानं दात दाखवले होते. वेशवीला उतरून केळशी, मग तोच चढ. या वेळी तो सकाळी अकराला आला. त्या वाडीत थांबले. आजी अंगणात सुपाऱ्या सोलत होत्या. ओळखलं त्यांनी. "या वेळेस उजेडात आल्येस, बरं केलंस."

आडे-पाडल्याचा समुद्रकाठचा रस्ता, आंजर्ले, हर्णैच्या बंदरावर संध्याकाळचा मासळीचा लिलाव आणि पुढे मुरुड. हो, हेही मुरुडच! दापोली तालुक्यातलं, महर्षी कर्व्यांचं. कर्वे लहानपणी परीक्षेसाठी इथून साताऱ्याला चालत गेले होते. माझी गिअरची सायकल मला एकदम लाजिरवाणी वाटली. आईला फोन केला, "मुरुडला पोचले." पलीकडे शांतता. मग, "अगं, परवापण मुरुडलाच होतीस ना? तू पुढे जातेयस की नाही?"

तेव्हा बुकिंग करताना कुठलं मुरुड ते नीट सांगा. नाहीतर तुमची खोली एका जिल्ह्यात आणि तुम्ही दुसऱ्या.

चौथ्या दिवशी दाभोळची बोट धरून गुहागर. पाचव्या दिवशी वेळणेश्वर, हेदवी, तवसाळहून जयगड आणि गणपतीपुळे. हा दिवस चढांचा, म्हणून पहाटे सहाला निघायचं, दुपारी बारा ते तीन सरळ झोपायचं. सड्यावर सावली नसते. सहाव्या दिवशी आरे-वारेच्या चढावरून मागे वळून दोन्ही किनारे डोळे भरून बघायचे आणि पंचवीसेक किलोमीटरवर रत्नागिरी. सगळं मिळून सव्वातीनशेच्या आसपास. मागच्या वर्षीपेक्षा दुप्पट दिवस. त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

"एकट्याच?"

हा प्रश्न प्रत्येक टपरीवर येतो. पहिल्या वर्षी मला तो टोचायचा, मी तोऱ्यात 'हो, का?' म्हणायचे. दुसऱ्या वर्षी लक्षात आलं, विचारणारा बहुतेकदा पुढचा रस्ता सांगायच्या तयारीत असतो. "वरच्या वळणावर खडी पडल्ये, जपून." "त्या फाट्यानं नको, चढ मोठा हाय." हे कुठल्याच मॅपमध्ये नसतं. मग मीच आधी सांगायला लागले, कुठून आले, आज कुठे मुक्काम आहे. अर्थात माणूस बघून. जिथे मन 'नको' म्हणालं, तिथे 'मागून ग्रुप येतोय' असं बिनधास्त ठोकून दिलं. राहायला घरगुती सोय निवडली, जिथे घरात काकू असतील अशी. गुहागरच्या काकूंनी तर माझ्या आधी आईलाच फोन लावला. "पोचली हो तुमची मुलगी, जेवत्ये." दोघी पंधरा मिनिटं बोलल्या. कशाबद्दल, ते मला कुणीच सांगितलं नाही.

आपण 'सोलो' म्हणतो तेव्हा मनात असतं, कुणाला काही सांगायचं नाही, सगळे दोर कापून निघायचं. मीही तसंच समजत होते. पण तो दोर ढिला सोडता येतो, कापावा लागत नाही. घरचा माणूस निश्चिंत असला, तरच कठड्यावरचा तो अर्धा तास खरा आपला.

जयगडला उतरले, टपरीवर चहा सांगितला आणि फोन लावला. आई म्हणाली, "पाचवी झाली का? बरं. मग मी आता जरा पडते."

निघण्याआधी

कधी : नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात बोटींचा भरवसा नसतो, मार्चनंतर ऊन सोसत नाही. ख्रिसमस ते न्यू इयर टाळा. गणपतीपुळ्याचा दिवस संकष्टीला, त्यातून अंगारकीला येत नाही ना, हे कॅलेंडरमध्ये बघा.

किती : शहरात सपाटीवर जेवढं सहज जमतं, त्याच्या निम्मं ते दोन तृतीयांश. दुपारी चारनंतर नवा चढ सुरू करायचा नाही.

बोटी : आदल्या रात्री मुक्कामाच्या घरी वेळा विचारून घ्या. नेटवरच्या वेळा जुन्या असू शकतात.

सायकल : गिअर हलके हवेत. दोन जादा ट्यूब, पंक्चर किट, छोटा पंप आणि मागचा लाल दिवा. तुमच्या टायरची ट्यूब गावातल्या दुकानात मिळेल, असं धरून चालू नका. निघण्याआधी घरी एकदा पंक्चर काढून बघा.

खाणं : घरगुती ठिकाणी जेवण आधी सांगावं लागतं, दुपारपर्यंत फोन करा. दोन बाटल्या पाणी, खिशात गूळ-शेंगदाणे.

पैसे : नेटवर्क नसेल तिथे मोबाइलवरून पैसे जात नाहीत. सुट्टे आणि थोडी रोकड ठेवाच.

परत : रत्नागिरी स्टेशन शहरापासून लांब आणि वर आहे. सायकल पार्सल ऑफिसात द्यावी लागते. गाडीच्या निदान दीड तास आधी पोचा आणि नियम आदल्या दिवशीच विचारून ठेवा.