आमदाराची पहिली यादी

२३ नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचा निकाल लागला आणि खान्देशात गुलाल उधळला गेला. जळगाव जिल्ह्यातल्या ११ आणि धुळे जिल्ह्यातल्या ५, अशा सोळाही जागा महायुतीने जिंकल्या. डिसेंबरच्या ७ तारखेपासून मुंबईत शपथविधीचे विशेष अधिवेशन झाले, पुढच्या आठवड्यात नागपूरचे अधिवेशन. त्या दिवसांत जळगाव-धुळ्याच्या चौकांमध्ये अभिनंदनाचे फलक लागले होते आणि प्रत्येक आमदार आपल्या पुढच्या पाच वर्षांची यादी सांगत होता : सिंचन, पिण्याचे पाणी, रस्ते, एमआयडीसी, तरुणांना रोजगार, केळी-कापसाला भाव.

ती यादी वाचताना माझ्यासारख्या जुन्या माणसाच्या मनात दुसऱ्या याद्या उलगडू लागतात. बोरीकाठच्या आमच्या गावात निवडणूक झाली की मारुतीच्या पारावर माणसे जमत. शाळेतले मास्तर फुलस्केप कागदावर निळ्या शाईने मजकूर लिहीत, ‘आम्ही खाली सह्या करणारे’ इथपासून सुरुवात होई आणि खाली सह्यांपेक्षा अंगठेच जास्त असत. मागण्या चार-पाच. नाल्यावर फरशी, म्हणजे पावसाळ्यात तालुक्याशी संबंध तुटणार नाही. गावात मुक्कामी एसटी, म्हणजे पोरांना सकाळी हायस्कूल गाठता येईल आणि बाजाराला गेलेला माणूस रात्री घरी परतेल. शाळेला दोन खोल्या. विजेचे खांब. आणि सगळ्यांच्या वर, पहिल्या ओळीत, पाणी. नवे आमदार सत्काराला आले की हा कागद त्यांच्या हातात पडे. ते तो तिथेच वाचत, मास्तरांना दोन प्रश्न विचारत, मग कुणाच्या तरी घरी भरीत आणि कळण्याची भाकरी होई. निघताना पारावरचा एखादा म्हातारा न चुकता विचारी, “भाऊ, पानी कव्हय येई?”

खान्देशाला अशा याद्यांची परंपरा आहे. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. धनाजी नाना चौधरींसारख्या कार्यकर्त्यांनी ते उभे केले, नंदलाल बोस यांनी बांबू आणि खेड्यातल्या साध्या सामानातून टिळकनगर सजवले, जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते. काही आठवड्यांवर प्रांतिक कायदेमंडळांच्या निवडणुका होत्या. त्या अधिवेशनात शेतकऱ्यांचा कार्यक्रम मंजूर झाला : शेतसारा आणि खंड कमी करा, कर्जाचा बोजा हलका करा. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले आणि १९३९ मध्ये शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. केळीच्या बागांमध्ये मंजूर झालेला विचार तीन वर्षांत कायद्याच्या पुस्तकात उतरला. लोकप्रतिनिधीच्या यादीला किती बळ असू शकते, हे आपल्या मुलखाने तेव्हाच पाहिले होते.

महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरची पहिली विधानसभा निवडणूक १९६२ ची. पूर्व खान्देशचा जळगाव जिल्हा आणि पश्चिम खान्देशचा धुळे जिल्हा नुकताच झाला होता. जळगावातून प्रतिभाताई पाटील निवडून आल्या, वय वर्षे २७. मूळजी जेठा कॉलेजात शिकलेली, टेबल टेनिस गाजवलेली ही तरुण वकील विधानसभेत गेली आणि पुढे १९६७ पासून एदलाबादने, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरने, त्यांना सलग चार वेळा निवडून दिले. त्याच १९६२ च्या १ मे रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. गावची शाळा, दवाखाना, लहान रस्ता हे जिल्हा परिषदेचे काम. धरण, कायदा, अंदाजपत्रक हे आमदाराचे काम, अशी सरळ वाटणी लोकांना समजत होती. आमदाराच्या हातात स्वतःचा असा निधी नव्हता. जे आणायचे ते सभागृहात प्रश्न विचारून, खात्याच्या मंत्र्याला पटवून, अंदाजपत्रकात ओळ मिळवून. त्या वेळी विधिमंडळ मुंबईच्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये भरे. नरिमन पॉइंटचे आजचे विधान भवन १९८१ मधले. खान्देशातला आमदार रात्रीच्या रेल्वेने भुसावळ-जळगाव-चाळीसगावहून मुंबईला निघे. पिशवीत गावोगावचे अर्ज असत आणि त्यांतूनच तारांकित प्रश्न तयार होत. वर्तमानपत्रात ‘विधानसभेत खान्देश’ अशा छापाच्या बातम्या आल्या की आम्ही त्या मोठ्याने वाचून दाखवत असू.

त्या पिढीच्या आमदारांची आणखी एक खूण म्हणजे त्यांनी उभ्या केलेल्या संस्था. धनाजी नानांचे चिरंजीव मधुकरराव ऊर्फ बाळासाहेब चौधरी रावेर-यावल भागाचे प्रतिनिधी. ते राज्याचे शिक्षणमंत्री झाले, १९९० ते १९९५ विधानसभेचे अध्यक्ष होते. पण खिरोदा नावाच्या लहानशा गावात त्यांच्या घराण्याने शिक्षणाची जी परंपरा जोपासली, त्यातून चित्रकलेचे महाविद्यालय खेड्यात उभे राहिले. शेतकऱ्याच्या मुलाने रंग आणि कुंचला हातात घ्यावा, ही त्यांची प्राथमिकता होती. शिरपूरला स्वातंत्र्यसैनिक शिवाजीराव पाटील यांनी सहकाराला आयुष्य दिले. पुढे २०१३ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. संस्था उभी करायला पाच वर्षांहून जास्त काळ लागतो, हे माहीत असूनही त्यांनी ती कामे हाती घेतली.

मात्र सगळ्या याद्यांच्या पहिल्या ओळीचा, पाण्याचा, हिशेब मांडल्याशिवाय ही तुलना पुरी होत नाही.

पाण्याच्या बाबतीत खान्देश अडाणी कधीच नव्हता. पांझरेकाठची फड पद्धत काही शतकांची आहे. नदीवर लहान बंधारा, त्यातून पाट, शिवाराचे फड पाडलेले, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, पाणी पाटकरी देणार आणि भांडण पंच मिटवणार. अभियंते विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई प्रांताच्या बांधकाम खात्यात लागले आणि सुरुवातीच्या काळातच त्यांनी खान्देशात काम केले. पांझरेच्या पात्रातून नळाने पाणी पलीकडे नेण्याचा सायफन त्यांनी साक्रीकडे दातर्तीला बांधला. स्वातंत्र्यानंतर गिरणा धरण हाती घेतले गेले आणि १९६९ मध्ये पूर्ण झाले. चाळीसगाव, भडगाव, पाचोऱ्यापासून जळगावपर्यंतच्या शिवारांना त्याने आधार दिला. तापीवरचे ४१ दरवाजांचे हतनूर धरण १९८२ मध्ये पूर्ण झाले. मधे १९७२ चा दुष्काळ येऊन गेला. खडी फोडणाऱ्या बाया, सुकडीसाठी लागलेल्या रांगा ज्यांनी पाहिल्या, त्यांना पाझर तलाव आणि नालाबंडिंग हे शब्द वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी त्याच काळात गावोगाव रुजली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. त्या काळच्या आमदारांच्या यादीत ‘आमच्या गावाला रोजगार हमीवर पाझर तलाव’ ही ओळ हमखास असे, आणि तो तलाव डोळ्यांदेखत होई.

आता आजचा हिशेब. तापी खोऱ्यात महाराष्ट्राच्या वाट्याला १९१.४० टीएमसी पाणी आले आहे. ते अडवण्यासाठी १९९७ मध्ये तापी पाटबंधारे विकास महामंडळ जळगावात स्थापन झाले. अमळनेर तालुक्यातले पाडळसरे धरण, म्हणजे निम्न तापी प्रकल्प, गेल्या शतकाच्या शेवटी सुरू झाले. त्याचा खर्च शेकडो कोटींवरून हजारो कोटींवर गेला, मोर्चे झाले, उपोषणे झाली, आणि कामाला लागलेल्या मजुरांची मुले आता कर्ती झाली. सुलवाडे-जामफळ-कनोली उपसा योजनेचे भूमिपूजन १६ फेब्रुवारी २०१९ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते धुळ्यात झाले. शिंदखेडा आणि धुळे तालुक्यांतल्या कोरडवाहू शेतीचे डोळे तिच्याकडे लागले आहेत. पांझरेवरचे अक्कलपाडा झाले, तरी नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येण्याची सवय धुळेकरांना लावून घ्यावी लागली. गिरणेवरच्या सात बलून बंधाऱ्यांची चर्चा ऐकत एक पिढी म्हातारी झाली. नार-पार-गिरणा नदीजोडला २०२४ मध्ये राज्याने ७ हजार १५ कोटींची मान्यता दिली, आणि तापी मेगा रिचार्जचा करार महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांच्यात १० मे २०२५ रोजी भोपाळला झाला. सातपुड्याच्या पायथ्याशी रावेर, यावल, चोपड्याच्या विहिरी दरवर्षी खोल जात आहेत. केळीचा मुलूख ज्या भूजलावर जगतो, ते परत भरण्याची या कराराकडून मोठी आशा आहे.

योजनांची नावे पूर्वीपेक्षा जास्त आहेत, आकडे तर कितीतरी मोठे आहेत. कमी झाली आहे ती कामे पूर्ण होण्याची गती. गिरणा, हतनूर ही नावे आमच्या लहानपणी आणि तरुणपणी स्वप्नातून प्रत्यक्षात आली. आमच्या नातवंडांना पाडळसरे अजून भाषणातूनच ठाऊक आहे.

आमदाराच्या कामाचे रूप कसे पालटले, हेही पाहायला हवे. १९८४-८५ पासून महाराष्ट्रात आमदार निधी सुरू झाला. त्यातून गावाला व्यायामशाळा, सभामंडप, पेव्हर ब्लॉक, अभ्यासिका मिळाल्या, ही चांगलीच गोष्ट झाली. आज हा निधी वर्षाला ५ कोटींचा आहे. पण हळूहळू लोकांची मागणीही निधीच्या मापाची झाली. पूर्वी गाव धरण मागत असे, आता गल्ली काँक्रीट मागते. आमदार सकाळी भूमिपूजनाला, दुपारी लग्नाला, संध्याकाळी दशक्रियेला; सभागृहात लक्षवेधी मांडण्यासाठी अभ्यास करायला वेळ कुठून उरणार? आणि तो वेळ आपणच, मतदारांनी, त्याच्याकडून काढून घेतला आहे. लग्नाला आला नाही म्हणून आपण रुसतो, अधिवेशनात काय विचारले हे मात्र विचारत नाही.

जुन्या काळाचे सगळेच सोन्याचे होते असे मी म्हणणार नाही. सातपुड्यातल्या पावरा, भिल्ल पाड्यांचा अर्ज तेव्हा पारापर्यंतही पोहोचत नव्हता. आता पाड्यावरचा तरुण मोबाइलवर रस्त्याचा फोटो काढून थेट आमदाराला पाठवतो आणि उत्तर मागतो. १५ ऑगस्ट १९९० ला जळगावात विद्यापीठ आले, आज ते बहिणाबाई चौधरींचे नाव मिरवते. धुळ्याला आणि जळगावला सरकारी वैद्यकीय महाविद्यालये झाली. शिरपुरात अमरीशभाई पटेल यांनी भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांना बरोबर घेऊन नाले रुंद-खोल केले, सिमेंट बंधाऱ्यांची साखळी बांधली आणि ‘शिरपूर पॅटर्न’ राज्यभर पाहायला माणसे येऊ लागली. एका लोकप्रतिनिधीने एक काम मनावर घेतले की काय होते, याचा हा आजच्या काळातला दाखला. मनमाड-इंदूर रेल्वेची मागणी धुळ्याने कित्येक वर्षे लावून धरली. २ सप्टेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने ३०९ किलोमीटरच्या या मार्गाला मंजुरी दिली. १९०० मध्ये चाळीसगावहून आलेली रेल्वे धुळ्याला येऊन थांबली होती, तिला पुढची वाट मिळाली. पण जिथे १९६२ मध्ये सत्तावीस वर्षांची मुलगी आमदार झाली, तिथे २०२४ च्या सोळा आमदारांत साक्रीच्या मंजुळाताई गावित या एकट्याच महिला आहेत, ही गोष्ट मनाला लागते.

या वेळचा योग मात्र असा आहे की पूर्वी कधी आला नसेल. तापी खोऱ्याचे जलसंपदा खाते जामनेरच्या गिरीश महाजनांकडे, पाणीपुरवठा जळगाव ग्रामीणच्या गुलाबराव पाटलांकडे, पणन शिंदखेड्याच्या जयकुमार रावल यांच्याकडे, वस्त्रोद्योग भुसावळच्या संजय सावकारेंकडे. शेताचे पाणी, घरातले पाणी, मालाचा भाव, कापसाचा धागा! पारावरच्या त्या फुलस्केप कागदावर जे लिहिलेले असे, ते सगळेच आज खान्देशच्याच आमदारांच्या टेबलावर आहे. आता मुंबईला दोष द्यायला जागा नाही.

म्हणून नव्या आमदारांना विनंती आहे : भाऊ, ताई, नव्या घोषणांची घाई करू नका. आधीच्यांनी सुरू केलेले एक अर्धे काम निवडा, पक्ष न पाहता ते आपले माना आणि २०२९ च्या आधी पूर्ण करून दाखवा. पाडळसरेत पाणी साठले, जामफळचे पाणी शिंदखेड्याच्या शेतात पोहोचले, तर लोक तुमचे नाव तीन पिढ्या घेतील. आणि वाचकहो, आपलेही एक काम आहे. आपल्या आमदाराने निवडून आल्यावर जी यादी सांगितली, ती कागदावर उतरवून ठेवा. प्रत्येक अधिवेशनानंतर ती बाहेर काढा आणि कोणती ओळ पूर्ण झाली ते त्याला विचारा. आमच्या वडीलधाऱ्यांनी अंगठा उठवून हा हक्क बजावला होता. आपल्याला तर सही करता येते.