दोन अंडी, पाच पाव

धुळ्याच्या तुरुंगाचं नाव निघालं की पिंपळनेरातली जुनी माणसं विनोबांवर येतात. 1932 साली त्यांनी तिथे रविवारी रविवारी गीता सांगितली, सानेगुरुजींनी ती लिहून घेतली. अभिमान वाटावा असंच आहे ते. पण त्यामुळे तुरुंग म्हणजे जणू मठच, असा एक समज आमच्यात मुरला आहे. मला तुरुंग म्हटलं की भायखळ्याचा सकाळचा नाश्ता आठवतो.

मंजुळा शेट्ये मुंबईत भायखळ्याच्या महिला कारागृहात जन्मठेप भोगत होती. वागणूक चांगली म्हणून तिला वॉर्डर, म्हणजे बाकीच्या कैद्यांवर देखरेख करणारी, केलेलं. 23 जून 2017 ला सकाळच्या वाटपात दोन अंडी आणि पाच पाव कमी भरले. त्यावरून तुरुंगाच्या कर्मचाऱ्यांनी तिला बेदम मारलं, असं सोबतच्या कैदी बाईची फिर्याद सांगते. त्याच दिवशी मंजुळा गेली. फिर्यादीतलं पुढचं मी इथे उतरवत नाही. दुसऱ्या दिवशी बायांनी आत आकांत केला, तर दंगलीचा गुन्हा दोनशेहून अधिक कैदी बायांवरच नोंदला गेला. मग सहा कर्मचाऱ्यांना अटक झाली. सहाही बायाच.

हे शेवटचं मला फार छळतं. कारण 1983 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बायांच्या कोठडीवर महिला पोलीसच हव्यात, असं बजावलं होतं. पत्रकार शीला बर्से मुंबईच्या तुरुंगात पंधरा जणींशी बोलल्या. पाच जणींनी पोलीस कोठडीत मार खाल्ल्याचं सांगितलं. बर्सेंनी न्यायालयाला पत्र लिहिलं, त्याचीच याचिका झाली. महिला पहारा हवा, यात वाद नाही. पण त्याच निकालात आणखी एक गोष्ट होती, ती आपण कमी लक्षात ठेवली: न्यायाधीशांनी, जमल्यास महिला न्यायाधीशांनी, न सांगता कोठडीत जाऊन पाहावं. म्हणजे बाहेरचं माणूस आत जायला हवं. बर्से गेल्या म्हणून ते पाच आवाज बाहेर आले. मंजुळा गेली तेव्हा भायखळ्यात खुनाच्या गाजलेल्या खटल्यातली आरोपी इंद्राणी मुखर्जीही होती, म्हणून वर्तमानपत्रांचं लक्ष होतंच.

आमच्याकडच्या बाईचं काय? पिंपळनेरहून साक्री, नेर, कुसुंबा करत धुळं गाठायचं, ओळखपत्र दाखवून ताटकळायचं, जाळीपलीकडून चार शब्द बोलायचे. दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच. पुरुष आत असला तर आई किंवा बायको हे सगळं करते. उधार-उसनवार करून वकिलाचेही पाय धरते. बाई आत गेली की सासर हात झटकतं आणि माहेर, "तठे कोन जाई?" म्हणून गप्प बसतं. तिला मुलाकातच नाही. तिच्या ताटात काही कमी पडलं, कुणी हात उगारला, तर ती सांगणार कोणाला? ज्यांच्या कमरेला किल्ल्या, त्यांनाच.