आंबट बोटं

डिसेंबर, सकाळचे आठ. नातू पाच वर्षांचा, नात साडेतीनची. दोघांच्याही कानटोप्या घट्ट बांधलेल्या. नागपुरात आमच्या ले-आउटच्या मोकळ्या जागेत पाच-सहा घरांनी मिळून परसबाग लावली आहे. घरापासून फार तर पाचशे पावलं, पण आम्हाला अर्धा तास लागला. वाटेत मुंग्यांची रांग लागली, मग कुत्र्याची पिल्लं. मी घाई केली नाही. बाग घराच्या फाटकापासूनच सुरू होते, असं आता मी मानते.

*

हरभऱ्याचा वाफा दवाने भिजलेला. नातीने पानांवरून हात फिरवला आणि सवयीने बोट तोंडात घातलं. डोळे गच्च मिटले. "आजी, याला लिंबू कोणी लावलं?"

हरभऱ्याच्या पानांवर बारीक लव असते. तिच्यातून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल पाझरतं. तीच आंब. माझ्या लहानपणी वावरात संध्याकाळी हरभऱ्यावर स्वच्छ धुतलेलं फडकं पसरत आणि पहाटे दवासकट पिळून बाटलीत भरत. पोट दुखलं की त्यातली थोडी आंब पाण्यात घालून मिळायची. हे सगळं मी नातीला सांगत होते. तोवर तिचं दुसरं बोट तोंडात गेलं होतं.

*

मुलांना आपण 'मदत करा' म्हणतो आणि त्यांनी केलेलं मागाहून गुपचूप नीट करतो. मुलांना ते कळतं. हरभऱ्याच्या वाफ्यात तसं करावं लागत नाही. फुलं येण्याआधी कोवळे शेंडे खुडले की झाडाला जास्त फांद्या फुटतात. खुडायला लागते फक्त चिमूट, आणि साडेतीन वर्षांच्या पोरीची चिमूट त्या कामाला अगदी बेताची. अर्ध्या तासात दोघांनी लहान टोपलं भरलं. निम्म्याची भाजी त्याच दिवशी भाकरीबरोबर झाली, उरलेली सावलीत वाळत घातली. ती मे महिन्यात, ताजी पालेभाजी महाग होते तेव्हा निघेल. नातवाने पानात भाजी टाकली नाही. एरवी तो हिरवं काही दिसलं की ताट सरकवतो.

*

शब्दही इथेच मिळतात. नातवाच्या पुस्तकात कोथिंबीर, कढीपत्ता, चवळी, शेवगा. या बागेत सांबार, गोडलिंब, बरबटी, मुंगना. मी त्याला दोन्ही सांगते. मात्र हातात जुडी असते तेव्हा सांबारच म्हणते. ज्या घरात हिवाळ्यात सांबारवडी होते, त्या घरातल्या मुलाला तो शब्द ऐकून नको, वासासकट यायला हवा.

*

गोडलिंबावर पक्ष्याची विष्ठा पडलेली दिसली. नातू म्हणाला, "ती हलली." खरंच हलली. फुलपाखराची अळी होती. लहानपणी ती अशीच दिसते, म्हणून पक्षी तिला खात नाहीत. मोठी झाली की पानासारखी हिरवी होते. बाजूला तशी एक होतीच. काडीने हलकेच डिवचली तर डोक्यामागून लालसर दुहेरी शिंग बाहेर आलं, उग्र वास सुटला आणि शिंग आत गेलं. दोघं मागे सरले, लगेच पुन्हा जवळ आले.

संत्र्याच्या रोपवाटिकेत हीच अळी नुकसान करते. कोवळी कलमं पार ओरबाडून टाकते, आणि शेतकरी तिला वेचून मारतो ते बरोबरच आहे. आमच्याकडे गोडलिंबाची तीन झाडं आहेत. त्यातलं एक अळ्यांसाठी सोडायचं ठरलं.

*

बालवाडी या शब्दात वाडी आहे. अंगणवाडीत तर अंगणही आहे आणि वाडीही. शहरात मात्र ती पुष्कळदा एका खोलीत भरते.

जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलने १८४० मध्ये आपल्या शाळेला किंडरगार्टन, म्हणजे 'मुलांची बाग' हे नाव दिलं तेव्हा त्याला खरीखुरी बागही अभिप्रेत होती. प्रत्येक मुलाचा आपला एक वाफा, आणि शिवाय सगळ्यांचा मिळून एक. इतकं दूर कशाला जायचं? नागपूरहून पाऊण-शे किलोमीटरवर सेवाग्राम आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षण हा विचार मांडला आणि त्यातून नई तालीम उभी राहिली. २००५ पासून तिथे आनंद निकेतन ही शाळा त्याच वाटेने चालते आहे. तिथे बागकाम हा अभ्यासाचाच भाग आहे. सुट्टीतला छंद नव्हे.

*

महाराजबाग मला आवडते. भोसल्यांच्या काळची बाग, आता कृषी महाविद्यालयाच्या आवारात. प्राणी पाहायला आम्ही जातोच. तेलंगखेडीच्या बागेतही जातो. पण शोभेच्या बागेत मुलाने काय करायचं? पाहायचं, आणि हात मागे ठेवायचे. एका उद्यानात माझ्या नातीने खाली पडलेलं चाफ्याचं फूल उचललं तर तिथले लोक तिला रागावले. त्यानंतर तिथे ती कशालाच हात लावेना. लहान मूल हातांनी शिकतं. त्याला उकरता येईल, उपटता येईल, खाता येईल अशी जागाही हवी.

*

नेणाऱ्यांसाठी: एका वेळी दोन-तीनच मुलं न्या. फवारणी झाली आहे का, ते आधी विचारा. धोतरा आणि बिट्टी म्हणजे पिवळी कण्हेर पहिल्याच दिवशी दाखवा, दोन्ही विषारी. 'विचारल्याशिवाय तोंडात नाही' हा एकच नियम, आणि तो मोठ्यांनीही पाळायचा. (हरभऱ्याच्या वाफ्यात मलाच त्याचा विसर पडला होता. तो वाफा विनाफवारणीचा, म्हणून निभावलं.) एप्रिलपासून सकाळी सहालाच निघा. तळाला भोकं पाडलेला डबा झारीपेक्षा चांगला, कारण लहान हातांना पेलतो.

*

काळी माती. उन्हाळ्यात तिला नातवाचा हात मनगटापर्यंत आत जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसात तीच फुगून मिटते आणि चपलेला शेर शेर चिकटते. मे महिन्यात त्याने एका भेगेत गोटी टाकली होती. ती अजून सापडलेली नाही, आणि दर रविवारी तो शोधतो.

*

आपल्या ले-आउटची मोकळी जागा अजून मोकळी असेल तर तिथे सगळीकडे लॉन आणि फरशी लावण्याचा ठराव होण्याआधी एक गुंठा भाजीसाठी मागा. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, त्यात वीस मुलांचे वाफे सहज होतात. हरभरा ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरतात. बैठक दसऱ्याआधी घ्या.