कामाच्या जागी दात घासायचे, त्यात लाज कसली?

दात घासणे हे घरचे काम, असे आपण लहानपणापासून धरून चाललो आहोत. सकाळी उठायचे, मोरीत जाऊन तोंड धुवायचे आणि मग चहा. पण आपल्या वस्तीतल्या किती माणसांचा दिवस आज असा सरळ उगवतो? कोणी रात्रपाळी करून सकाळी आठला घरी येतो. कोणी पहाटेची लोकल पकडायची म्हणून तोंडावर पाणी मारून निघतो. कुठे नळाला पाणीच तासभर येते आणि त्या तासात हंडे भरायचे की दात घासायचे, हा प्रश्न असतो. अशा माणसांनी दात घासायचे कुठे आणि कधी? आमचे सरळ उत्तर आहे : कामाच्या जागी.

आमच्या वस्तीत आम्ही कार्यकर्त्यांनी दंततपासणीचे शिबिर घेतले होते. रांगेत बारा तासांची रात्रड्युटी करणारे एक वॉचमन होते. डॉक्टरांनी विचारले, "काका, दात कधी घासता?" ते म्हणाले, "संध्याकाळी, ड्युटीला निघताना." मग रात्रभर काय खाता, हे विचारल्यावर सगळा हिशेब निघाला. झोप येऊ नये म्हणून चार-पाच वेळा गोड चहा, सोबत बिस्किटे, अधूनमधून तंबाखूची चिमूट. सकाळी घरी आल्यावर चटणी-भाकरी खाऊन तसेच आडवे. डॉक्टर म्हणाले, "काका, तुमची रात्र दिवसा असते. झोपण्याआधी दात घासायचे, मग घड्याळात किती का वाजेनात."

त्यांनी कारणही सोप्या भाषेत सांगितले. तोंडातले जंतू साखरेचे आम्ल करतात आणि ते आम्ल दात पोखरते. लाळ हे आम्ल धुऊन काढते. पण झोपेत लाळ कमी होते. म्हणून झोपण्यापूर्वीचे घासणे सर्वांत मोलाचे. घरी पोचून पुन्हा खाणार असाल, तर खाल्ल्यावर घासा. पण अंथरूण दिसले की त्राण उरत नाही, अशांनी गोड चहा-बिस्किटे आटोपून, ड्युटी संपताना तिथेच ब्रश करावा आणि पुढे झोपेपर्यंत पाण्याशिवाय काही घेऊ नये. दिवसपाळीच्या माणसाला सकाळी आणि रात्री असे दोन वेळा पुरते. दुपारच्या डब्यानंतर निदान खळखळून चूळ भरावी.

तेव्हापासून आमच्याही टेबलाच्या खणात एक ब्रश असतो. आम्ही कारकुनी करतो. महिनाअखेरीला हिशेबाची कामे रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत चालतात, पुढे दीड तासाचा प्रवास. कार्यालयातच जेवायचे, बेसिनवर दात घासायचे आणि निघायचे. पहिल्या आठवड्यात एका सहकाऱ्याने सर्वांदेखत विचारले, "काय हो, घरी पाणी येत नाही वाटतं?" हशा झाला. आम्ही म्हणालो, "येतं ना, पहाटे. तेव्हा तुम्ही झोपलेले असता." विषय तिथे मिटला. चेष्टेला घाबरून सोडावी अशी ही गोष्ट नाही.

आमची चेष्टा झाली, पण आम्हाला बेसिन तरी होते. आमच्या मजल्याची झाडलोट करणाऱ्या कंत्राटी मावशींना तेही नव्हते. त्या पहाटे साडेपाचला घर सोडतात. एकदा जिन्याखाली, लादी पुसायच्या बादलीशेजारच्या नळावर त्या तोंड धुताना दिसल्या. आम्ही विचारले, "मावशी, वर बेसिन आहे की!" त्या म्हणाल्या, "दादा, बेसिन घासायचं आम्ही. तिथं तोंड धुतलं तर मॅडम बोलतात."

आम्ही आणि आणखी तिघांनी सह्या करून अर्ज दिला. साहेबांनी बोलावले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "त्यांच्यासाठी खाली वेगळा नळ लावून देतो, चांगली फरशी बसवतो." ऐकायला बरे वाटेल असेच ते बोलणे होते. आम्ही म्हणालो, "साहेब, वेगळा नळ नको. आहे तेच बेसिन हवे." या संभाषणात जातीचा शब्द कुणीच काढला नाही. तो काढायची गरजही नव्हती. ज्या समाजाने १९२७ साली महाडला जाऊन सार्वजनिक तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्याला वेगळ्या नळाचा अर्थ कोणी समजावून सांगायला नको. तीन आठवड्यांनी तोंडी होकार मिळाला. लेखी काही दिले नाही. आज मावशी त्या बेसिनवर तोंड धुतात. एक-दोघी त्यानंतर वरच्या मजल्यावर जातात. जावोत बापड्या.

वाचक बंधू-भगिनींनी एक लक्षात ठेवावे. ही कुणाची मेहेरबानी नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ४२ मध्ये कामगारांसाठी हातपाय-तोंड धुण्याची पुरेशी सोय, स्त्री-पुरुषांना वेगवेगळी, मालकाने करावी असे होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहितेने घेतली आहे. तिच्या कलम २४ मध्ये धुण्याची सोय आहेच. आणि कलम ५३ प्रमाणे कंत्राटी कामगारांनाही ही सोय मूळ मालकाने द्यायची आहे. तेव्हा 'तुम्ही कंत्राटदाराची माणसं, त्याला विचारा' असे कोणी म्हटले, तर हे कलम दाखवावे. हक्कासोबत जबाबदारीही आली. पिण्याच्या पाण्याच्या कूलरपाशी ब्रश करू नये, बेसिन वापरल्यावर पाणी ओतून स्वच्छ करावे, नळ चालू ठेवून घासत बसू नये.

आता थोडे व्यवहाराचे. ब्रश मऊ केसांचा घ्यावा, पेस्ट फ्लोराईड असलेली, स्वस्तातलीही चालते. दोन मिनिटे घासावे. लिंबू-लोणचे किंवा आंबट काही खाल्ले असेल तर आधी चूळ भरून अर्धा तास थांबावे. ब्रश झटकून, वाळवून, भोके असलेल्या डबीत ठेवावा. ओला ब्रश पिशवीत कोंबू नये, दुसऱ्याचा वापरू नये आणि तीन-चार महिन्यांनी बदलावा.

आणि मशेरी! आमच्या कितीतरी आया-बहिणी कामाच्या सुट्टीत चार जणी बसून मशेरी लावतात आणि 'दात घासले' म्हणतात. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. त्याने दात घासले जात नाहीत, व्यसन लागते आणि पुढे तोंडाच्या कर्करोगाची भीती. तंबाखू घातलेल्या पेस्ट आणि दंतमंजनांवर केंद्र सरकारने १९९२ मध्येच बंदी घातली. तव्यावर घरी भाजलेल्या मशेरीवर बंदी कोण घालणार? ती आपणच घालायची. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, तीन आठवडे न भरणारी जखम असेल, किंवा तीन बोटे आत जातील एवढे तोंड उघडत नसेल, तर दुखत नाही म्हणून थांबू नका. मुंबईत नायर दंत रुग्णालय आहे, सरकारी दंत महाविद्यालय आहे. ईएसआयचे कार्ड असेल तर ते वापरा.

पुढच्या सोमवारी कामावर जाताना डब्याच्या पिशवीत एक ब्रश टाका. आणि तुमच्या कार्यालयाची, कारखान्याची झाडलोट करणारी ताई किंवा भाऊ तोंड कुठे धुतात, तेवढे एकदा विचारा. उत्तर जिन्याखालचे आले, तर दोन-चार सह्या गोळा करायला फारसा वेळ लागत नाही.