आजीची भाऊबीज

थोर समाजसेवकांचीं चरित्रें लिहिलीं जातात, आणि तें योग्यच आहे. परंतु त्यांनीं काढलेल्या संस्था ज्यांच्या पायपिटीवर चालल्या, त्या सामान्य स्त्रीपुरुषांचीं नांवें पावतीपुस्तकांबाहेर सहसा आढळत नाहींत. माझी आजी अशांपैकींच एक होती. तिच्याविषयीं चार शब्द लिहावे, असें शाळेंतून निवृत्त झाल्यापासून माझ्या मनांत घोळत होतें.

आजीचा जन्म १९०३ सालचा, कोंकणांतला. अठराव्या वर्षीं तिला वैधव्य आलें. पदरीं वर्षाचा मुलगा, म्हणजे माझे वडील. सासरीं केशवपनाची गोष्ट निघाली, तेव्हां तिच्या वडिलांनीं तिला माहेरीं आणलें व पुढच्याच वर्षीं हिंगण्यास नेऊन पोंचविलें. अण्णासाहेब कर्व्यांनीं १८९६ मध्यें अनाथ बालिकाश्रम काढला होता आणि १९०० सालीं पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर एका झोपडींत तो नेला होता. १८९३ मध्यें त्यांनीं स्वतः विधवेशीं विवाह केला, त्याबद्दल मुरूडच्या मंडळींनीं त्यांच्यावर बहिष्कार घातला होता. आमच्या पणजोबांस हें सारें ठाऊक होतें. तरीहि त्यांनीं आपली मुलगी त्याच माळावर धाडली.

मुलाला बरोबर नेण्याची सोय नव्हती. तो आजोळींच राहिला. पांच वर्षें आजी त्याला दिवाळींत व उन्हाळ्याच्या सुटींत काय ती भेटे. धाकटे भाऊ तिला ताई म्हणत. त्यांचें ऐकून माझे वडीलहि ताई म्हणूं लागले, आणि ‘आई’ ही हाक थोरल्या मामीच्या वांट्यास गेली. शिक्षण पुरें करून आजी वाईस शिक्षिका झाली आणि मुलाला घेऊन आली, तेव्हां तो सात वर्षांचा होता. हाक बदलण्याचें वय उलटलें होतें. माझ्या वडिलांनीं तिला अखेरपर्यंत ताईच म्हटलें.

अण्णासाहेबांना भारतरत्न मिळालें त्याच वर्षीं, १९५८ मध्यें, आजी निवृत्त झाली. परंतु विश्रांति हा शब्द तिच्या कोशांत नव्हता. आश्रमांतील मुली या समाजाच्या बहिणी, तेव्हां समाजानें त्यांना भाऊबीज घालावी, या कल्पनेवर हिंगण्याचा भाऊबीज निधि चालतो. दिवाळीच्या आधीं महिनाभर आजी कापडी पिशवींत पावतीपुस्तक घालून दारोदार हिंडे. चार आणे देणाराचीहि पावती ती सुवाच्य अक्षरांत फाडी. कोणी टाकून बोललें, तर “ओवाळणी मागायला आलेल्या बहिणीनें रागवायचें नसतें,” एवढेंच म्हणे. एरवीं संध्याकाळीं आमच्या ओसरीवर नवऱ्यानें टाकलेल्या, अक्षरशत्रु अशा बायका पाट्या घेऊन बसत.

आम्हां नातवंडांवर मात्र तिची माया अमर्याद होती. शाळेंतून परततांना ती दारांत उभी दिसली नाहीं, असा दिवस क्वचितच गेला. गोवरांत मी नऊ दिवस पडून होतों. नऊहि रात्रीं ती उशाशीं बसून होती. रूपावलि तिनेंच माझ्याकडून घोकून घेतली. माझी आई एकदां हळूच म्हणाली, “यांचें राहिलेलें त्या तुम्हांला देताहेत.”

दरवर्षीं पहिली पावती वडिलांची असे. रुपया पुढें करून ते हंसत म्हणत, “ताई, ही भाऊबीज.” तीहि हंसे; पण पावती लिहितांना मान वर करीत नसे.

मोठा झाल्यावर मीं वडिलांना विचारलें, “तुम्हांला कधीं वाईट वाटलें नाहीं?” ते म्हणाले, “वाटलें तर! मामीनें कांहीं कमी केलें नाहीं, तरी वाटलें. पण ती गेली नसती, तर जन्मभर माजघरांत बसली असती, आणि मीहि तिच्याबरोबर दुसऱ्याच्या उपकाराचें जेवलों असतों.”

संस्कृत शिकवितांना या संभाषणाची मला पुष्कळदां आठवण होई. त्याग शब्दाचा धातु त्यज्, म्हणजे सोडणें. सोडणारा तो कर्ता. त्याची थोरवी आपण गातों. ज्याला सोडलें तें कर्म; त्याच्याकडे व्याकरणाबाहेर कोणी पाहत नाहीं. आजीची सेवा खरी होती, तशीच तिची किंमतहि खरी होती. आणि ती किंमत एकट्या आजीनें दिली नव्हती. असें म्हटल्यानें तिची थोरवी उणावत नाहीं. उलट, जो समाज विधवेला शिक्षण आणि मूल यांपैकीं एकच निवडावयास लावीत होता, त्याचा हिशेब त्यामुळें पुरा मांडला जातो.

आजी १९८९ मध्यें वारली. त्या वर्षींच्या दिवाळीपूर्वीं वडिलांनीं संस्थेकडून पावतीपुस्तक मागविलें आणि एकोणसत्तराव्या वर्षीं तिच्याच घरांचा फेरा केला. पुष्कळ दारांतून प्रश्न आला, “आपण त्यांचे कोण?” ते उत्तरले, “मुलगा.”

वाचकहो, आपल्याहि घरांत अशी एखादी वृद्धा असेल. तिनें काय केलें हें तिला अवश्य विचारा; आणि त्यासाठीं घरांतील कोणाच्या वांट्याला काय उणें आलें, हेंहि विचारून ठेवा. दोन्ही सांगणारीं माणसें फार दिवस आपल्यांत राहत नाहींत.