हरकत

आमच्या मंडळीची उपासनेची जागा मंडईमागच्या एका गल्लीत आहे. जुन्या वाड्याचा तुकडा, वर मंगलोरी कौलं, रविवारी साठेक माणसं. पंचांच्या डोळ्यांपुढे मात्र गुरुवार पेठेतलं १८८५ सालचं पवित्र नाम देवालय. जुनं उतरवून नवं बांधायचं, वर मुलांच्या अभ्यासासाठी खोली काढायची, असं ठरलं. मंडळीत आर्किटेक्चर शिकलेली मी एकटीच, म्हणून फाइल माझ्या हातात आली.

मालमत्ता पत्रक, मोजणीचा नकाशा, ट्रस्टचा ठराव, इमारतीचे नकाशे. मग परवाना, जोत्याची तपासणी, शेवटी भोगवटा प्रमाणपत्र. त्यात जागा उपासनेची म्हटल्यावर प्रश्न वाढतात. माणसं किती येणार? आग लागली तर कुठून बाहेर पडणार? गाड्या कुठे लावणार?

खरी अडचण कागदांत नव्हती. एक भिंत शेजारच्या काकूंशी सामाईक. त्या मंडईत पालेभाजी विकतात. नकाशा पाहून म्हणाल्या, "तुमच्या देवाला माझी ना नाही गं. पण एवढ्या छताचं पाणी कुणाच्या दारात पडणार, ते सांग. आणि रविवारी तुमच्या गाड्यांतून माझी हातगाडी कशी काढू?"

पंचांपैकी एक आजोबा चिडले. "देवाच्या घराला हरकत?"

मला मंडईच आठवली. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. या भव्य मार्केटवर लाखो रुपये घालण्याला त्यांनी विरोध केला. तो पैसा शिक्षणावर खर्च व्हावा, असं त्यांचं म्हणणं. ते कुणी ऐकलं नाही. १८८६ मध्ये गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या हस्ते उद्घाटन झालं, नावही रे मार्केटच पडलं. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्याच इमारतीला हरकत घेणाऱ्याचं नाव मिळालं. आज आपण 'फुले मंडई' म्हणतो तेव्हा हे कुणाच्या ध्यानातही नसतं.

आजोबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मग फुले आज कुणाच्या बाजूने उभे राहिले असते? आपण तर मुलांसाठीच खोली बांधतोय." याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, अजूनही नाही. काकूंचं दार कोरडं ठेवायचं तर भिंत तीन फूट आत घ्यावी लागणार होती. तीस मुलांच्या खोलीत वीसच बसणार होती.

दोन रविवार वाद झाला. शेवटी नकाशा मी पुन्हा काढला. पन्हळ आमच्या अंगणात उतरवली, गाड्यांसाठी आतली मोकळी जागा सोडली. उरलेल्या दहा मुलांची शाळा उपासना संपल्यावर खालच्या हॉलमध्ये भरवायची, असा ठराव झाला. तो आजोबांनीच मांडला.

काकूंनी नकाशा उलटसुलट करून पाहिला, पन्हळीवर बोट ठेवून पाणी कुठून कुठे जाईल ते माझ्याकडून वदवून घेतलं, आणि मगच सही केली.